धरण की तळं

“पाणी साठलं की तळं. त्यात एवढं बघायचंय काय?”

असं म्हणून ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला. चष्मा कपाळावर गेला की आमच्या घरातली चर्चा संपली असं समजायचं. पलंगावर दक्षिण अमेरिकेचा नकाशा पसरला होता. आमच्या केतकीने बेंगळुरूहून पाठवलेला, चांगला चादरीएवढा. एका कडेला मी बसले होते, दुसऱ्या कडेला हे, आणि मधे तो अख्खा खंड गाजरासारखा वरून रुंद, खाली निमुळता होत गेलेला.

“आणि धरणात काय बघायचंय?” मी म्हटलं. “जन्मभर धरणंच बघितली. लग्नानंतरची पहिली सात वर्षं मी धरणाच्या वसाहतीत काढली, पत्र्याखाली. धरणच बघायचं तर भंडारदऱ्याला जा. एसटी जाते.”

“इटाइपू आणि भंडारदरा! अगं, त्याच्या एकेका दरवाजातून आपली सगळी गोदावरी निघून जाईल.”

“मग जाऊ दे निघून. मला काय त्याचं?”

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, कोपरगावची. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. नोकरीभर एक स्वप्न आम्ही दोघांनी मिळून जपलं होतं, की एकदा दक्षिण अमेरिकेत जायचं. का, ते मला आज सांगता येणार नाही. बहुतेक ते सगळ्यांत लांब होतं म्हणून. कालव्याच्या कडेच्या क्वार्टरमध्ये, दिवे गेले की आम्ही अंगणात खाट टाकून पडायचो आणि तिथल्या नद्यांची नावं घ्यायचो. तेव्हा कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. स्वप्नात माणूस सगळीकडे जातो.

प्रवास कंपनीच्या मुलाने मात्र स्वच्छ सांगितलं. काका, तुमच्या वयाला आणि दिवसांना एकच भाग झेपेल. एक तर ब्राझीलच्या बाजूला जा, तिथे धबधबा आहे आणि ते अवाढव्य धरण. नाही तर पेरू देशात जा, तिथे डोंगर आहेत आणि ते उंचावरचं तळं, टिटिकाका. सोमवारपर्यंत कळवा.

मला तळं हवं होतं. त्या तळ्यात माणसं लव्हाळी कापून, त्यांचे थरावर थर रचून बेटं करतात आणि त्यावर घरं बांधून राहतात. मी एका मासिकात फोटो पाहिला होता. पिवळ्या गवताची जमीन, पिवळ्या गवताच्या झोपड्या, दारात एक बाई काहीतरी निवडत बसलेली, आणि चहूबाजूंनी निळं पाणी. तो फोटो मी कापून मसाल्याच्या डब्यांमागे ठेवला होता. हळदीचे डाग पडले तरी फेकला नाही.

ह्यांनी आलेखाचा कागद घेतला, मधोमध रेघ ओढली आणि दोन्हीकडचे गुण-दोष लिहायला बसले. ही त्यांची रीत. फ्रिज घेताना, प्लॉट घेताना, केतकीचं नाव ठेवतानासुद्धा असा कागद निघाला होता. शेवटी पेन बंद करायचं आणि म्हणायचं, “ठरलं.” एकतीस वर्षांच्या संसारात ‘ठरलं’ हा शब्द माझ्या तोंडून एकदाही गेला नव्हता. तो त्यांच्या खिशातच असायचा, पेनाशेजारी.

दोन दिवस कागद भरत होता. रविवारी संध्याकाळी पेन बंद झालं.

“ठरलं. धरण.”

“मला विचारलंत?”

“विचारायचं काय? चौदा मुद्दे आहेत इकडे. तुझ्या तळ्याकडे तीन. त्यातला एक तर ‘हवा थंड’ असा आहे.”

“माझा मुद्दा लिहिलात का त्यात?”

“कुठला?”

मला तो धड सांगताही येईना. मग हे हसून म्हणाले, “शैला, तळं म्हणजे शेवटी साठलेलं पाणी—”

“पाणी साठलं की काय होतं ते मला माहितीये!” मी ओरडले. “मला नका शिकवू. बुडवायचं तेवढंच येतं तुमच्या खात्याला!”

मी स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना भांडी घासत बसले. जेवणं झाली, पण बोलणं झालं नाही. सकाळी सात वाजता अंगणात बादली पडल्याचा आवाज आला. मी बाहेर येऊन बघते तर हे तुळशीजवळ आडवे पडलेले, उजवा हात अंगाखाली, आणि तोंड वाकडं झालेलं.

डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका आहे. वेळेवर आणलंत, जीव वाचेल. उजवी बाजू हळूहळू येईल. वाचेचं मात्र सांगता येत नाही.

नाशिकच्या त्या इस्पितळात मी सहा दिवस एकच वाक्य मनात घोळवत बसले होते. बुडवायचं तेवढंच येतं. मी ह्यांना बोललेलं शेवटचं वाक्य ते होतं, आणि त्याला उत्तर मिळायचं बाकी होतं. हे माझ्याकडे बघायचे, ओठ हलवायचे, आणि नुसता वारा यायचा. ज्या माणसाने जन्मभर मला वाक्य पुरं करू दिलं नाही त्याला आता शब्द सापडत नव्हता. मला वाटायचं, काहीही बोला. धरण म्हणा. शिवी द्या. पण बोला.

सातव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, उन्हाचा एक पट्टा चादरीवर आला होता. मी त्यांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून चोळत होते. खाली रस्त्यावर हातगाडीवाले ओरडत होते. हे खिडकीकडे तोंड करून कुठेतरी लांब बघत होते, अगदी लांब. आणि त्यांचे ओठ जुळले.

“पे...”

मी बोटं चोळायची थांबले.

“पे... रू.”

“काय म्हणालात?”

“पेरू.”

स्पष्ट. शाळेतल्या मुलाने फळ्यावरचं वाचावं इतकं स्पष्ट. “पेरू? पेरूला जायचं? तळ्याला?” मी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडत सुटले. सहा दिवसांचं रडणं होतं ते. “माझं ऐकलंत? खरंच माझं ऐकलंत? मी काय बोलले हो तुम्हाला त्या दिवशी... जाऊ आपण. तुम्ही नुसते उठा. पेरू तर पेरू.”

बऱ्याच वेळाने मी मान वर केली. हे माझ्याकडे बघत होते. इतकं निरखून त्यांनी मला लग्नाआधी बघायला आले तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं. मग त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

तेवढ्यात वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, गोदाताई. यजमान गेल्यापासून आमच्याच आळीत राहायच्या. ह्यांच्यावर त्यांचा जीव, आणि माझ्यावर बारीक नजर. मी त्यांना सगळं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला.

“अगं बाई, तुला काय देश सुचतायत! पेरू मागतोय तो, पेरू! खायचा! सहा दिवस नुसतं पाणी-पाणी पाजताय त्याला. हा लहानपणी राहात्याच्या बागांतून पेरू चोरायचा. एकदा तर माळ्याने पायजम्यासकट धरून आणला होता घरी.”

“वन्सं, झटक्याच्या आदल्या दिवशी आमचं भांडण त्याच्यावरूनच झालं होतं.”

“माझ्या भावाला मी ओळखते.”

“आणि मी?”

तरुण डॉक्टर हसून म्हणाले, “काकू, शब्द आला हे महत्त्वाचं. अर्थ कुठे पळून जात नाही.”

दुसऱ्या दिवशी वन्सं राहात्याचे पेरू घेऊन आल्या. हिवाळ्यातले, पिवळे धमक, खोलीभर वास सुटला. बिया काढून त्यांनी गर कुस्करला, त्यात मीठ आणि साखर घातली आणि चमचा ह्यांच्या तोंडाशी नेला. ह्यांनी ओठ घट्ट मिटले.

“घे रे दिगू. तूच मागितलास ना?”

ह्यांनी मान फिरवली. वन्संनी चमचा त्या बाजूला नेला. ह्यांनी मान परत इकडे फिरवली आणि डावा हात असा हलवला की चमचा वाटीत पडला.

“पाहिलंत?” मी म्हटलं. माझ्या आवाजात जरा जास्तच गोडी आली असणार. ते पेरू वन्संनी नर्सबाईंना वाटून टाकले.

पंधरवड्याने आम्ही घरी आलो. केतकी आठ दिवस राहून गेली आणि जाताना तो नकाशा पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवून गेली. “बाबांना बघायला काहीतरी हवं,” म्हणाली. त्यानंतरचा हिवाळा आठवला की मला अजून तो खरा वाटत नाही. मी तो जागेपणी काढला की झोपेत, ते सांगता येणार नाही.

दुपारी जेवणं उरकली की मी त्यांच्याशेजारी आडवी व्हायचे आणि आम्ही निघायचो. माझ्या हातात छत्री असायची, तिच्या टोकाने मी रस्ता दाखवायचे. समुद्राच्या काठाने वर, मग डोंगर, मग दरी, मग पुन्हा डोंगर. खिडकीचं ऊन भिंतीवरून सरकायचं आणि ज्या गावावर ते पडेल तिथे आम्ही मुक्काम करायचो. तीनच्या सुमाराला ऊन बरोबर त्या तळ्यावर यायचं. कागदावरचं ते निळं, बोटाच्या पेराएवढं, पण उजळायचं असं की खोलीत ओल आल्यासारखं वाटायचं. मला डुलकी लागायची. जाग आली की हे नकाशाकडे बघत असलेले दिसायचे.

वाचेसाठी एक मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. ती म्हणाली, सोपे, तुटक अक्षरांचे शब्द म्हणून घ्या. आमच्याकडे तसे शब्द भिंतीवरच होते. लि-मा. पु-नो. आणि सगळ्यांत सोपा, टि-टि-का-का. हे तो शब्द दिवसातून शंभरदा घोकायचे. वन्सं एकदा दारातून म्हणाल्या, “कोणाच्या काकांना हाका मारतोय हा सारखा?” तेव्हा हे हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले.

वन्संचा हेका सुटला नव्हता. येताना त्या पेरू आणायच्याच. मी मुद्दाम बशीत फोडी करून, वर तिखट-मीठ लावून ह्यांच्यासमोर ठेवायचे. खरं सांगायचं तर ती परीक्षा असायची, आणि तिचा निकाल दर वेळी माझ्या बाजूने लागायचा. हे बशीकडे बघायचेसुद्धा नाहीत. भिंतीवरच्या पेरूकडे बघायचे. मला वाटायचं, एकतीस वर्षांत एकदा, एकदाच ह्यांनी कागद न घेता ठरवलं, आणि ते माझ्यासाठी. त्या एका शब्दावर मी तो हिवाळा काढला. पाय सुजायचे, पाठ भरून यायची, उचलून बसवताना नाकी नऊ यायचे, पण तो शब्द आठवला की मला पुन्हा बळ यायचं.

अशाच एका दुपारी मी त्यांना आंबेसरची गोष्ट सांगितली.

आंबेसर माझं माहेर. म्हणजे होतं. मी नऊ वर्षांची असताना धरणात गेलं. ह्यांच्या नव्हे, दुसऱ्याच कुठल्यातरी साहेबाच्या धरणात, पण खातं तेच. हे मला बघायला आले तेव्हा माझ्या आजोबांनी विचारलं, मुलगा कुठल्या खात्यात? पाटबंधारे, असं कळल्यावर ते उठून मागच्या दाराने निघून गेले आणि लग्नालाही आले नाहीत. गाव बुडालं एवढं ह्यांना माहीत होतं. पण कसं बुडालं, ते मी कधी सांगायला घेतलं की हे मधेच म्हणायचे, “पुनर्वसन मात्र चांगलं झालं तुमचं.” आणि मी गप्प व्हायचे. आता त्यांना मधेच बोलता येत नव्हतं. देव असा कधी कधी वाकडा हात देतो.

“पाणी एकदम नाही आलं,” मी छताकडे बघत म्हटलं. “लोकांना वाटतं, लोंढा येतो. तसं नसतं. रोज वीतभर चढतं. आज नदीकाठचा दगड गेला, उद्या वडाचा पार. आई रोज सकाळी दारातून बघायची, कुठपर्यंत आलं. आम्ही निघालो त्या दिवशी आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं होतं. मी माझी ठकी बाहुली आत विसरले होते. वडील म्हणाले, राहू दे. मी बैलगाडीत उलटी बसले होते, गावाकडे तोंड करून. मला वाटत होतं, घर तरंगेल. लाकडाचं आहे ना, मग तरंगेल. सगळी घरं अशी पाण्याबरोबर वर वर येतील आणि आम्ही परत जाऊन त्यांत राहू. बरीच वर्षं मला स्वप्नात तेच दिसायचं. आंबेसर तरंगतंय आणि आई दारात तांदूळ निवडतेय.”

ऊन तळ्यावर आलं होतं.

“म्हणून ते तळं हो. तिथे पाणी वाढलं की गावही वर येतं. दुसरं काही नाही.”

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर ओघळलं. उजव्या डोळ्यातून आधीपासूनच यायचं, त्याला अर्थ नव्हता. डाव्याला होता.

संक्रांतीनंतरची गोष्ट. कुलकर्णीबाईंकडे आळीतल्या सगळ्यांचं एकत्र हळदीकुंकू होतं, तिथे गेले होते. वन्संना ह्यांच्याजवळ बसवून गेले होते, पण निघताना लुटायचं वाण घरीच विसरले. पिशवीत शोधशोध शोधलं आणि मग घराकडे वळले. लवकर पोचावं म्हणून मागच्या बोळाने आले. मागच्या अंगणात शेवग्याखाली खुर्च्या टाकून दोघं भावंडं बसली होती. पाठमोरी. मी हाक मारणार, तोच वन्सं बोलल्या.

“हळू खा रे. ठसका लागेल.”

मी भिंतीआड थांबले. शेवग्याच्या सावलीत हे डाव्या हाताने पेरू खात होते. अख्खा, न कापलेला. चोरून आणलेला खावा तसा, दोन्ही गाल भरून. शेजारी वन्संच्या ओच्यात आणखी दोन होते.

“सांगून टाक की रे तिला,” वन्सं म्हणाल्या. “किती दिवस असं लपूनछपून खाणार? मी पहिल्या दिवसापासून सांगत होते की तू खायला मागतोयस. मीच खोटी पडले.”

“न... नको.”

“का पण?”

ह्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. मी भिंतीला हात लावून उभी होते. भिंत उन्हाने तापली होती.

“ति... तिला,” हे म्हणाले. “तिला... तळं... हवंय.”

“आणि तुझं धरण? एवढं जन्मभर धरण धरण केलंस ते?”

“धरण,” हे म्हणाले, आणि त्यांनी बी थुंकून टाकली. “पाहिलं. खू... खूप.”

वन्संनी पदराने डोळे टिपले आणि दुसरा पेरू त्यांच्या हातात दिला.

ज्या शब्दावर मी अख्खा हिवाळा तोलून धरला होता तो शब्द माझ्यासाठी नव्हताच. खाली हातगाडीवाला ओरडत होता, आणि माझ्या नवऱ्याला पेरू खावासा वाटला होता. बस, एवढंच. मी हसू की रडू, मला कळेना. आणि मग मला त्या मिटलेल्या ओठांची आठवण झाली. तोंडाशी आलेला चमचा. सात दिवसांचा उपाशी माणूस, समोर राहात्याचा पेरू, आणि त्याने मान फिरवली होती. रोज, मी बशी पुढे केली की फिरवत होता. मी परीक्षा घेत होते आणि तो दर वेळी मुद्दाम, माझ्यासाठी पास होत होता.

मी पावलं न वाजवता बोळातून मागे गेले, वळसा घालून पुढच्या फाटकाशी आले आणि कडी जोरात वाजवली. “मी आले हो! वाणच विसरले बघा!” मोठ्याने ओरडले. आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मी अंगणात पोचले तेव्हा वन्सं शेवग्याच्या शेंगा बघत होत्या, आणि ह्यांचे हात मांडीवर होते. रिकामे. मिशीत मात्र एक बी अडकली होती.

मी जवळ गेले आणि पदराने ती पुसली.

“का... काय?” ह्यांनी घाबरून विचारलं.

“काही नाही. कचरा होता.”

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. ह्यांच्या समोर खाली बसले आणि त्यांचा उजवा हात हातात घेतला.

“पेरूला जायचं ना?” मी विचारलं.

ह्यांनी मान हलवली.

“ठरलं,” मी म्हटलं.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात, डॉक्टरांनी दहा वेळा तपासून परवानगी दिल्यावर, आम्ही गेलो. डोंगर एका दिवसात चढायचा नाही, मधे मुक्काम करत चढायचा, अशा अटीवर. काठी टेकत टेकत, दम खात खात आम्ही त्या तळ्याशी पोचलो. ते निळं मी सांगू शकत नाही. भिंतीवर तीन वाजताचं ऊन पडायचं, तेव्हाचंच होतं ते, फक्त संपत नव्हतं.

होडीतून बेटावर उतरले तर पाऊल जरा आत गेलं आणि परत वर आलं. गादीवर चालावं तसं. एका झोपडीच्या दारात एक बाई दाणे निवडत बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हसली. मी मटकन खालीच बसले, त्या लव्हाळ्यावर. कुजक्या गवताचा आणि पाण्याचा वास येत होता. आंबेसरला नदीकाठी यायचा तोच.

हे इंजिनियर. बसतील कसे? काठीने लव्हाळं टोचून बघितलं, कडेला जाऊन जाडी बघितली, वाटाड्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत बेट वाहून का जात नाही ते विचारलं. खाली खुंट्या आणि दोर आहेत, असं कळल्यावर समाधानाने मान हलवली. मग येऊन माझ्याशेजारी हळूच टेकले. बोलणं तोवर बरंच सुधारलं होतं, फक्त सावकाश झालं होतं.

“शैला.”

“हं?”

“तुझं आंबेसर... असं बांधायला हवं होतं आम्ही.”

लग्न ठरताना माझे आजोबा मागच्या दाराने निघून गेले होते. त्या क्षणी ते तिथे असते तर परत आत आले असते. वाऱ्याने बेट किंचित हललं, आणि दारातली ती बाई, झोपडी, आम्ही दोघं, सगळंच त्याबरोबर हललं.

मी पर्स उघडली. सकाळी तळ्याकाठच्या पुनोच्या बाजारातून दोन घेतले होते, हे काठी टेकत पुढे गेले तेव्हा. राहात्याच्यापेक्षा लहान, हिरवट, पण वास तोच. एक त्यांच्यापुढे धरला. सवयीने त्यांनी मान फिरवली. पावणेदोन वर्षं झाली होती, तरी फिरवली.

“घ्या,” मी म्हटलं. “आता पेरूत बसून पेरू खायला काय हरकत आहे?”

ह्यांची मान हळूहळू परत वळली. त्यांनी पेरूकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तुला... कधी कळलं?”

“मिशीत बी होती तुमच्या.”

हे अर्ध्या तोंडाने हसायला लागले.

“तू इतकी रडलीस,” ते म्हणाले. “मग मला... सांगवेना. की बाई गं... मला नुसती भूक लागलीय.”

त्यांनी पेरू घेतला आणि दोन्ही गाल भरून खाल्ला, अगदी देठापर्यंत. खाऊन झाल्यावर माझ्याकडे तोंड केलं. मिशीत एक बी अडकली होती. या वेळी मी ती पुसली नाही.